बाकीच्यांना आवडणारी गाणी मला का भिडत नाहीत? तुम्ही नवीन, अनोळखी संगीत कसं शोधता?

गुणगुण:
मंडळी, बरेच दिवस एक प्रश्न डोक्यात घोळतोय, म्हटलं इथेच विचारावा कारण इथे सगळ्या तऱ्हेचं ऐकणारी माणसं आहेत. आम्ही काही मित्रमैत्रिणी आळीपाळीनं एकमेकांना पॉप गाणी पाठवतो, अट एवढीच की समोरच्यानं ती आधी ऐकलेली नसावीत. कल्पना मस्त आहे पण आमच्या आवडी इतक्या वेगळ्या आहेत की काही विचारू नका. एकाला फक्त शब्द हवेत, एकीला बीट नसेल तर गाणं सुरू झालंय हेच पटत नाही, एक जण सत्तरच्या दशकाच्या पुढे यायलाच तयार नाही आणि मला चाल लागते, गाणं संपल्यावर ओठांवर राहील अशी चाल.

आता होतं काय की मी त्यांनी पाठवलेलं गाणं लावते, अर्धा मिनिट ऐकते, मनात काहीच हलत नाही आणि पुढचं लावते. ते पण माझ्या गाण्यांचं तेच करत असणार. अ‍ॅपवर नवीन काही शोधावं म्हटलं तर तिथे मला माझ्याच गाण्यांची भावंडं पुढे येतात, तोच आवाज, तोच वेग, फक्त नाव वेगळं.

मला मनापासून असं वाटतं की जगात एवढं संगीत आहे आणि आपण त्याच त्या पन्नास-साठ गाण्यांत फिरत राहावं हे बरोबर नाही. तर तुम्ही तुमच्या आवडीच्या बाहेरचं कसं शोधता? पहिल्यांदा न आवडलेलं परत ऐकता का, की तिथेच सोडता? आणि जवळच्या माणसानं जीव ओतून पाठवलेलं गाणं आवडलं नाही तर सांगता कसं?

बेसलाईन:
भारी प्रश्न. माझी पद्धत सांगतो, मी गायकाच्या मागे जातच नाही, गायकाच्या मागे उभ्या असलेल्या माणसांच्या मागे जातो. जे गाणं आवडलं त्याचे क्रेडिट्स उघडायचे, प्रोड्युसर म्हणजे रेकॉर्डिंगला आकार देणारा कोण, बेस म्हणजे खालच्या सुरांची गिटार कुणी वाजवली, गाणं लिहिलं कुणी, आणि मग त्या माणसानं अजून काय काय केलंय ते ऐकायचं. आवडत्या गाण्यातली एक तरी गोष्ट पुढच्या गाण्यात ओळखीची सापडते त्यामुळे कान बिचकत नाही.

उदाहरण देतो. नाइल रॉजर्स हा गिटारिस्ट, सत्तरच्या दशकात शीक नावाचा त्याचा डिस्को बँड. त्याची ती तुटक, नाचरी गिटार एकदा कानात बसली की कुठेही ओळखू येते. डेव्हिड बोवीचा 1983 चा लेट्स डान्स, मॅडोनाचा 1984 चा लाइक अ व्हर्जिन, हे अल्बम प्रोड्यूस करणारा हाच, आणि 2013 मध्ये डाफ्ट पंकच्या गेट लकीवर गिटार वाजवणारा पण हाच. म्हणजे डिस्को, रॉक, पॉप, इलेक्ट्रॉनिक, दुकानात चार वेगळ्या कप्प्यांत ठेवतील असे चार प्रकार आणि मधून एकाच माणसाचा उजवा हात फिरतोय! तुमच्या त्या सत्तरच्या दशकात अडकलेल्या मित्राला शीकपासून सुरू करून गेट लकीपर्यंत आणता येईल आणि बीटवालीला त्याच रस्त्यानं उलटं नेता येईल.

आणि शीकच्याच 1979 च्या गुड टाइम्स या गाण्याची बेसलाईन, म्हणजे बेस गिटारची सतत फिरणारी ओळ, बर्नार्ड एडवर्ड्सची, तीच त्याच वर्षी रॅपर्स डिलाइटखाली वाजली, रॅपचं पहिलं मोठं हिट गाणं ते. मला रॅप अजिबात जवळचं नव्हतं पण ती बेसलाईन ऐकत ऐकत मी त्यात शिरलो, शब्दांचा ठेका नंतर कळायला लागला.

सॅम्पल, म्हणजे जुन्या गाण्याचा तुकडा नव्या गाण्यात वापरणं, हा दुसरा रस्ता. ब्रिटनी स्पिअर्सचं टॉक्सिक आठवतंय? 2004 चं. त्यातले ते अंगावर येणारे व्हायोलिनचे तुकडे आहेत ना, ते 'तेरे मेरे बीच में' मधले आहेत, 1981 च्या 'एक दूजे के लिए' चं गाणं, लता मंगेशकर आणि एस. पी. बालसुब्रह्मण्यम, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल. स्वीडनच्या प्रोड्युसर जोडीनं ते उचलून असं काही कापून बसवलंय की ज्यांना दोन्ही गाणी पाठ आहेत त्यांना पण कित्येक वर्षं पत्ता नसतो. दोन्ही लागोपाठ ऐका. ज्याला जुनं हिंदी आवडतं आणि ज्याला दोन हजारनंतरचं पॉप आवडतं अशा दोन माणसांना एका सोफ्यावर बसवायला याच्यापेक्षा चांगली जोडी मला माहीत नाही.

षड्ज:
बेसलाईन यांचा रस्ता छान आहे. मी 'परत ऐकावं का' याबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण माझ्या मते खरी गोम तिथे आहे.

रॉबर्ट झायन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1968 मध्ये एक गाजलेला अभ्यास छापला. लोकांना निरर्थक शब्द, चिनी वाटतील अशी चिन्हं, अनोळखी चेहऱ्यांचे फोटो दाखवले, काही एकदाच आणि काही पुन्हा पुन्हा. जे जास्त वेळा दिसलं ते लोकांना जास्त बरं वाटलं, त्यांना त्याचा अर्थ काडीचा माहीत नसताना. नुसती गाठभेट वाढली की ओढ वाढते. नंतर सुरावटींवरही असे प्रयोग झाले. रेडिओवर एखादं गाणं दिवसातून दहा वेळा वाजवतात ते उगीच नाही.

पण याला एक टोक आहे. बर्लाइन म्हणून दुसरे एक अभ्यासक, त्यांनी 1971 च्या सुमारास मांडलं की फार अनोळखी गोष्ट नको वाटते आणि फार ओळखीची पण नको वाटते, आनंद असतो तो मधल्या पट्ट्यात. गाणं थोडं ओळखीचं झालंय, पुढे काय येणार याचा अंदाज यायला लागलाय, पण अजून प्रत्येक वेळी अंदाज खरा ठरत नाहीये, ती जागा. आता बघा, गुणगुण, तुमची आवडती गाणी त्या पट्ट्यातून पलीकडे निघून गेलीत म्हणून तुम्हाला कंटाळा आलाय आणि मित्रांची गाणी अजून त्या पट्ट्यात आलीच नाहीत कारण तुम्ही अर्ध्या मिनिटात बंद करताय. दोन्हीकडून तुम्ही आनंदाच्या बाहेरच उभ्या आहात!

त्यामुळे माझा नियम असा की एका गाण्याला निदान तीन-चार वेळा संधी द्यायची, पण लागोपाठ नाही, मध्ये एकदोन दिवस जाऊ द्यायचे. आणि पहिल्यांदा ऐकताना आवडलं की नाही असं स्वतःला विचारायचंच नाही. फक्त ऐकायचं, मुखडा कुठे येतो, अंतऱ्यात काय बदलतं, ड्रम कधी थांबतात. निकाल लावायची घाई केली की कान बंद होतो असा माझा अनुभव आहे. हां, एखादं गाणं पहिल्यांदाच अगदी डोक्यात गेलं असेल तर मात्र पुन्हा पुन्हा ऐकून ते गोड होत नाही, उलट चीड वाढते. ते सोडून द्या खुशाल. हा नियम ज्या गाण्यांबद्दल मनात काहीच येत नाही त्यांच्यासाठी आहे.

अजून एक गोष्ट, अमक्याची आवड चांगली आणि तमक्याची सुमार असं आपण फार पटकन बोलतो. 2006 मध्ये साल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स या तिघांनी एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी बँडची 48 गाणी, 14,000 हून जास्त लोक. काहींना नुसती गाणी दाखवली. बाकीच्यांचे आठ वेगळे गट केले आणि प्रत्येक गटात आपल्या आधी आलेल्यांनी कुठलं गाणं किती वेळा डाऊनलोड केलं तो आकडा दिसायचा. आठ गटांत आठ वेगळ्या क्रमवाऱ्या आल्या! एका गटात डोक्यावर बसलेलं गाणं दुसऱ्या गटात कुठेतरी मधे. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि फार वाईट सहसा वर आली नाहीत, पण मधल्या सगळ्या गाण्यांचं नशीब कुणी आधी काय ऐकलं यावर ठरलं. म्हणजे आपण ज्याला स्वतःची आवड म्हणतो तिच्यात आजूबाजूच्यांचा केवढा हात असतो. मला हे वाचल्यापासून हिट न झालेल्या गाण्यांबद्दल फार कुतूहल वाटतं.

साधासरळ:
मी जरा वेगळं बोलणार आहे, राग मानू नका कुणी. मला हे चारचार वेळा ऐकून आवडून घेणं पटत नाही. गाणं म्हणजे काही अभ्यासक्रम नाही. मला शब्द लागतात, शब्द कळले नाहीत तर माझं मन त्या गाण्यात शिरतच नाही, मग मागे कितीही थोर माणूस बेस वाजवत असू दे. ऐकायला वेळ असतो तो केवढा, कामावरून येता-जाता आणि रात्री झोपताना, त्यात जे मनाला लागतं तेच मी ऐकणार. माझी पन्नास गाणी आहेत आणि त्यातलं प्रत्येक गाणं माझ्या आयुष्याच्या कुठल्यातरी वळणाला चिकटलेलं आहे. ती परत ऐकणं म्हणजे मी कुठे थांबून राहिलोय असं मला वाटत नाही.

गुणगुण, तुम्हाला खरंच ओढ असेल तर शोधा, पण सगळं आवडलंच पाहिजे असं ओझं घेऊ नका.

वाळूतले_सूर:
@साधासरळ, तुमच्या पन्नास गाण्यांबद्दल जे लिहिलंय ते मनाला भिडलं. फक्त शब्दांबद्दल थोडं बोलू का, कारण माझी सगळ्यात आवडती गाणी मला न कळणाऱ्या भाषांतली आहेत.

1963 मध्ये क्यू साकामोतो या जपानी गायकाचं गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं, अख्खं जपानीत. तिकडच्या लोकांना मूळ नाव म्हणता येईना म्हणून सुकियाकी असं नाव लावलं, जे एका जेवणाच्या पदार्थाचं नाव आहे आणि गाण्यात त्या पदार्थाचा उल्लेखसुद्धा नाही. मूळ गाणं आहे डोळ्यातलं पाणी खाली पडू नये म्हणून वर बघत चालणाऱ्या माणसाचं. नाव सपशेल चुकीचं, एक शब्द कळत नाही आणि तरी लाखो लोकांना ती शीळ आणि तो आवाज पोचला! मला वाटतं गाणाऱ्याचा श्वास, शब्दावर दिलेला भार, शेवटी सोडलेला सूर, हे पण बोलतच असतं.

मी ज्या दारानं आत गेले ते सांगते. उम्म कुल्सूम, इजिप्तची गायिका. तिचं 1964 चं इन्ता उम्री घ्या, संगीत मोहम्मद अब्देल वहाबचं. मैफलीतलं एकेक गाणं तासाभराचं. सुरुवातीला किती तरी वेळ नुसता वाद्यवृंद, मग ती एक ओळ घेते, लोक वेडे होतात, परत म्हण म्हणून ओरडतात आणि ती परत म्हणते पण तशीच नाही, दर वेळी वेगळ्या जागा घेत, वेगळा भाव भरत. ज्यानं ठुमरीतला बोल-बनाव ऐकलाय त्याला हे परकं वाटूच शकत नाही. अरबी संगीतात काही मकाम (आपल्या रागांसारख्या स्वररचना) असे आहेत ज्यांचा गंधार आपल्या कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधोमध कुठेतरी पडतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं वाद्य बेसूर आहे. थोडं ऐकल्यावर त्याच सुराची वाट बघायला लागले, आणि आता तो सूर आला की अंगावर काटा येतो.

तिथून सहारातल्या तुआरेग लोकांच्या तिनारिवेन बँडकडे गेले. मालीच्या उत्तर भागातली माणसं, 1979 च्या आसपास परागंदा अवस्थेत एकत्र आली, इलेक्ट्रिक गिटार हातात आणि गाणी घराच्या आठवणीची. 2012 मध्ये त्यांच्या तास्सिली अल्बमला ग्रॅमी मिळालं. ठेका असा की चालणाऱ्या उंटाची लय आहे म्हणतात, टाळ्या, दोन-तीन गिटार आणि सगळ्यांनी मिळून धरलेला सूर. रॉक आवडणाऱ्या माणसाला द्या, लोकसंगीत आवडणाऱ्याला द्या, दोघं पण मान हलवतील.

साधासरळ, तुमच्यासाठी एक सुचवू? आधी गाण्याचा अनुवाद वाचा, मग गाणं ऐका. केप व्हर्द या आफ्रिकेजवळच्या बेटांच्या देशातल्या सेझारिया एव्होराची मोर्ना गाणी, म्हणजे तिथली संथ, हुरहूर लावणारी गाणी, या पद्धतीनं ऐकून बघा. ताटातूट, समुद्रापलीकडे गेलेली माणसं, घराची ओढ, असे विषय. शब्दांवर प्रेम करणाऱ्या माणसाला त्यात खूप काही मिळेल याची मला खात्री आहे.

नीरव:
अ‍ॅपच्या तक्रारीबद्दल. ही शिफारस करणारी यंत्रणा बऱ्याच अंशी अशी चालते की कुठली गाणी लोकांच्या प्लेलिस्टमध्ये एकत्र येतात ते बघायचं आणि तुमच्यासारखं ऐकणाऱ्यांनी जे ऐकलं ते तुम्हाला द्यायचं. तुमचं ऐकणं अरुंद असेल तर तिच्याकडे पण अरुंदच माहिती असते. त्यात स्पॉटिफायवर 30 सेकंद झाले की गाणं ऐकलं गेलं असं धरतात, पैसे त्यावर. म्हणून आजकाल बरीच गाणी तुम्हाला पहिल्या काही सेकंदांतच पकडायला बघतात, सुरुवातीचं वाद्यसंगीत आटलंय. जी गाणी सावकाश उलगडतात ती अर्ध्या मिनिटाच्या परीक्षेत नापासच होणार, मग ती कितीही चांगली असोत. तुम्ही नेमक्या तेवढ्याच वेळात सोडताय.

पण यंत्रणेला नुसत्या शिव्या देणं पण बरोबर नाही. मारिया ताकेउची यांचं प्लास्टिक लव्ह, 1984 चं जपानी गाणं, 2017-18 च्या सुमारास यूट्यूबच्या शिफारशींतूनच जगभर पोचलं आणि सिटी पॉप हा जुन्या शहरी जपानी पॉपचा सगळा प्रकार लोकांना सापडला. मी पण तसाच पोचलो त्याच्यापर्यंत आणि त्याबद्दल मला कृतज्ञता आहे.

मी करतो ते एवढंच, शोधायचं असेल तेव्हा वेगळी रिकामी प्लेलिस्ट करायची, त्यात एकच अनोळखी गाणं टाकायचं आणि तिथून अ‍ॅपचा रेडिओ सुरू करायचा, म्हणजे त्या गाण्यासारखी गाणी आपोआप लागत जातात. आणि माणसांनी निवडलेलं ऐका. केईएक्सपी हे अमेरिकेतलं रेडिओ स्टेशन किंवा एनपीआर या तिथल्याच रेडिओ संस्थेच्या टाइनी डेस्क मैफली बघा, या मैफली 2008 पासून चालू आहेत. छोट्याशा जागेत, समोर बसून वाजवलेलं गाणं ऐकलं की चेहरे दिसतात, कोण काय वाजवतंय ते दिसतं, अनोळखी संगीत पटकन जवळ येतं. रेडिओ गार्डन या वेबसाइटवर पृथ्वीचा गोल फिरवून कुठलंही स्टेशन लावता येतं, ते पण मस्त आहे.

तालवेडी:
तिसऱ्या प्रश्नाला कुणी हातच लावला नाहीये म्हणून लिहिते.

माझा धाकटा भाऊ मेटल ऐकतो, म्हणजे रॉकचा तो कर्कश, जोरकस प्रकार. ते ओरडणं मला सहन व्हायचं नाही, आणि तो गाणं पाठवायचा तेव्हा मी 'छान आहे' म्हणून सोडून द्यायचे. त्याला कळायचंच ना ते खोटं आहे. मग एकदा त्याला सरळ विचारलं की तुला या गाण्यात नेमकं काय ऐकू येतं, कुठल्या जागेला तुझ्या अंगावर काटा येतो, ते मिनिट-सेकंद सांग. तो इतका खूश झाला! म्हणाला गायकाकडे लक्षच देऊ नकोस, फक्त ड्रम ऐक, दोन्ही पाय आणि दोन्ही हात काय करतायत ते ऐक. मी तबला शिकलेली, मला लयकारी कळते, आणि तिथे खरंच डोळे उघडले. मेशुगा म्हणून स्वीडनचा बँड आहे, त्यांच्याकडे गिटार आणि पाय एका वेगळ्याच मात्रांच्या चक्रात फिरत असतात आणि वर झांज शांतपणे चार मोजत असते, आणि बऱ्याच आवर्तनांनी दोघं समेवर भेटतात. सम! मी उडालेच. आवाज मला अजूनही आवडत नाही आणि ते मी त्याला तसंच सांगते, पण ड्रमबद्दल आम्ही तास तास बोलतो.

त्यामुळे आवडलं / नाही आवडलं याच्या ऐवजी 'मला इथपर्यंत पोचलं, इथे हरवलं' असं सांगा. जो प्रेमानं पाठवतो त्याला तुम्ही नीट ऐकलंत एवढंच हवं असतं.

गुणगुण:
बापरे, एवढी उत्तरं! सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, दोनदा वाचून काढलं सगळं.

तालवेडी, तुमचं ऐकून आमच्या बीटवाल्या मैत्रिणीला विचारलं की मागच्या वेळी पाठवलेल्या त्या लांबलचक इलेक्ट्रॉनिक गाण्यात तुला काय ऐकू येतं. ती म्हणाली दर थोड्या वेळानं एकच आवाज आत येतो किंवा बाहेर जातो, तेवढंच ऐक. मी पूर्ण ऐकलं. चाल नाहीये त्यात, मला हवी तशी तर नाहीच, पण एका ठिकाणी सगळं थांबून नुसती टाळी राहते आणि मग खालून सगळं परत येतं तिथे मला खरंच हसू फुटलं. हे मी तिला सांगितल्यावर ती म्हणाली तेच तर!

वाळूतले सूर, तासाभराचं गाणं शांतपणे बसून ऐकायला सुट्टीच्या दिवसासाठी ठेवलंय. टॉक्सिक आणि तेरे मेरे बीच में लागोपाठ ऐकलं आणि घरातल्या सगळ्यांना बोलावून ऐकवलं. एक अडचण मात्र आहे, बेसलाईन, मी गुड टाइम्स लावलं आणि मला गिटार ऐकू आली, टाळ्या ऐकू आल्या, गाणं आवडलं पण, पण तुम्ही म्हणता तो बेस मला वेगळा ऐकूच येत नाहीये. मला नेमकं काय ऐकायचं ते सांगाल का?

साधासरळ:
वाळूतले सूर, अनुवाद आधी वाचून ऐकायची युक्ती करून बघतो. सेझारिया एव्होराचं एक गाणं लावलंय आत्ता. आवाजात घाई अजिबात नाहीये, हे मला आवडलं.

बेसलाईन:
@गुणगुण, फोनच्या स्पीकरवर ऐकताय का? तसं असेल तर तुमच्या कानाचा काही दोष नाही, एवढ्याशा स्पीकरला खालचे सूर नीट काढताच येत नाहीत, बेसचा अर्धा भाग हवेतच जात नाही. साधे हेडफोन लावा आणि गुड टाइम्सची अल्बमवरची लांब आवृत्ती घ्या, आठ मिनिटांच्या वरची. मध्यावर एक जागा येते तिथे बाकीची वाद्यं बाजूला होतात आणि बेस आणि ड्रम उरतात, मग एकेक वाद्य परत येतं. त्या जागेत ती बेसची ओळ तोंडानं म्हणा, डूम डूम करत, तुम्हाला चाल लागते ना, ती चालच आहे. एकदा म्हणता आली की मग गाणं पहिल्यापासून लावा.